सावित्रीखोऱ्यातील घर आणि घराणे

घराण्यांचे इतिहास लिहिण्याची परंपरा मराठीत चांगलीच रुजलेली आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून कोकणातील अनेक ब्राह्मण व प्रभू घराण्यांनी आपापले कुलवृत्तान्त परिश्रमपूर्वक सिद्ध केले, मूळ पुरुषापासून विद्यमान पिढीपर्यंतच्या वंशावळी छापून काढल्या, आणि कोणता पुरुष कोणत्या गावी जाऊन राहिला, कोणाकडे कोणते वतन चालत होते, कोणाला सरकारातून कोणती सनद मिळाली, याची नोंद पुढील पिढ्यांसाठी करून ठेवली. हे कार्य मोलाचे आहे, यात शंका नाही. परंतु ज्यांच्या माळ्यावर दप्तराचे रुमाल होते, घरात लिहिता हात होता आणि आपल्या कुळात लिहून ठेवण्याजोगे काही घडले अशी जाणीव होती, त्यांचेच हे इतिहास आहेत. महाड आणि पोलादपूर या सह्याद्रीच्या पायथ्याशी पसरलेल्या दोन तालुक्यांत कुणबी, मराठा, महार, धनगर, सुतार, कुंभार, कातकरी यांची जी सहस्रावधी घरे डोंगराच्या सोंडांवर आणि नदीकाठच्या कोंडांतून पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली, त्यांच्यापाशी बखर नाही आणि रुमालही नाहीत. त्यांचा इतिहास शेताच्या बांधात, तलाठ्याच्या दप्तरात आणि घरातील वृद्ध स्त्रियांच्या स्मरणात असा तीन ठिकाणी विखुरलेला आहे. आणि या तिन्ही साक्षी एकमेकींसमोर उभ्या करून ताडून पाहिल्याखेरीज त्यांपैकी एकीवरही पूर्ण विश्वास टाकता येत नाही, असे माझे मत आहे.

प्रथम भूमीकडे पाहू. महाबळेश्वरी उगम पावणारी सावित्री सह्याद्रीचा कडा उतरून पोलादपुरावरून महाडास येते, तेथे गांधारी तिला मिळते, आणि दासगावाकडे खाडीचे रूप घेऊन ती बाणकोटाजवळ समुद्रास मिळते. पूर्वेस आंबेनळी घाटाने महाबळेश्वर, वरंधा घाटाने भोर, दक्षिणेस कशेडी घाटाने खेड, अशा वाटा या खोऱ्यातून फुटतात. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस येथे कोसळतो, आणि तो बव्हंशी चार महिन्यांत. भात पिकेल अशी सपाट जमीन नदी-ओढ्यांच्या कडेने चिंचोळ्या पट्ट्यांत सापडते. उरलेला सारा उतार, खडक आणि रान. असल्या मुलखात एका कुटुंबाने घर थाटावयाचे म्हणजे काय करावयाचे, हे समजल्यावाचून त्या कुटुंबाचा इतिहास समजत नाही.

या मुलखाला राजकीय इतिहासाचे वैभव इतके लाभले आहे की, कुटुंबाच्या इतिहासाला त्याची थोडी बाधाच होते. १६५६ मध्ये शिवाजीमहाराजांनी जावळी घेतली ती चंद्रराव मोऱ्यांकडून. पुढे रायगड राजधानी झाला. तानाजी मालुसऱ्यांची समाधी पोलादपूर तालुक्यातील उमरठ येथे आहे, आणि शिवभारतकर्त्या कवींद्र परमानंदांची समाधी खुद्द पोलादपुरात. अशा भूमीत जन्मलेल्या प्रत्येकाला आपले घराणे त्या काळापर्यंत नेऊन भिडवावे असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि त्या भावनेविषयी मला आदरच आहे. परंतु मोरे, जाधव, कदम, शिंदे ही आडनावे अनेक जातींत आणि परस्परांशी काहीही नाते नसलेल्या अनेक कुळांत आढळतात, हे ध्यानात ठेवले पाहिजे. केवळ आडनावाच्या साम्यावरून वंश जोडू नये. बहुतेक घराण्यांची खरी मूळकथा याहून साधी असते, आणि माझ्या मते अधिक अभिमानास्पदही असते. ती आहे ओसाड जमीन कीर्दीस आणल्याची कथा.

मराठी राज्यात पडीत जमीन लागवडीस यावी म्हणून रयतेस कौल देण्याची चाल होती. कौलात सारा पहिल्या वर्षी नाममात्र धरीत आणि पुढे वर्षावर्षाने वाढवीत नेऊन ठरलेल्या मुदतीनंतर पूर्ण आकार घेऊ लागत. या चढत्या साऱ्याला इस्तावा म्हणत. रान तोडावयाचे, दगड वेचून बांध घालावयाचा, पाणी अडवावयाचे, आणि तोवर सरकारने हात आखडून घ्यावयाचा, असा हा व्यवहार होता. तुलनेसाठी अमेरिकेकडे पाहू. १८६२ च्या मे महिन्यात तेथील अध्यक्ष लिंकन यांनी ज्या कायद्यावर सही केली, त्यात पाच वर्षे जमिनीवर राहून ती कसणाऱ्या कुटुंबास १६० एकर देण्याची तरतूद होती, आणि तेथील असंख्य कुटुंबे आपला इतिहास त्या दाव्याच्या कागदापासून मोजतात. तेथे ती जमीन मूळ रहिवाशांच्या हातून गेलेली होती, हे त्या कागदावर लिहिलेले नसते. आपल्याकडचा कौल लहान, त्यातील जमीन बिघ्यांत मोजावयाची, आणि कागद बहुधा घेणाऱ्याच्या हाती न राहता खोताच्या किंवा देशमुखाच्या दप्तरी राहावयाचा. त्यामुळे ज्याने रान मोडले त्याच्या वंशजांपाशी त्याचा पुरावा उरला नाही. उरला तो बांध.

आणि बांध पुष्कळ काही सांगतो. या भागातील कोणत्याही जुन्या कुटुंबाच्या जमिनीचे तुकडे नकाशावर मांडून पाहिले, तर भाताचे खाचर एका ठिकाणी आणि त्यापासून दूर, डोंगराच्या अंगावर, वरकस जमिनीचे एक-दोन तुकडे असे चित्र हमखास दिसते. नव्या पिढीला हे वरकस तुकडे निरुपयोगी वाटतात. मुंबईत राहणारे वारस ते कोठे आहेत हेही जाणत नाहीत. परंतु वरकसावाचून भात नव्हते, कारण वरकसावाचून राब नव्हता.

राब म्हणजे काय, हे जरा विस्ताराने सांगितले पाहिजे. भाताची रोपे ज्या लहानशा जागेत तयार करावयाची, तिला दाढ म्हणतात. लावणीच्या क्षेत्राच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतकी ती असते. हिवाळा सरला की कुटुंबातील माणसे वरकसावरील ऐन, किंजळ, पळस इत्यादी झाडांची कवळे, म्हणजे पानांसकट डहाळ्या, तोडून त्यांचे भारे डोक्यावरून खाली आणीत. दाढीच्या जागेवर प्रथम शेणाचा थर, त्यावर वाळलेली कवळे, त्यावर गवत आणि पालापाचोळा, आणि सर्वांवर बारीक मातीचा पातळ थर, अशी रचना होई. मातीचा थर आग दबून राहावी यासाठी. भडका उडाला तर सारे क्षणात जळून जावयाचे आणि जमीन भाजली जावयाची नाही. म्हणून वारा पाहून, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूने विस्तव लावीत, आणि तो धुमसत धुमसत पुढे सरके. त्या उष्णतेने तणाचे बी आणि किडींची अंडी नष्ट होतात, जमीन भुसभुशीत होते, आणि राखेतील क्षार रोपांस मिळतात. मृगाच्या तोंडावर त्या राखेतच भात पेरावयाचे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील हॅरॉल्ड मॅन यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांसह या पद्धतीची शास्त्रीय तपासणी करून १९१२ मध्ये तिच्यावर स्वतंत्र प्रबंध प्रसिद्ध केला. म्हणजे ज्या गोष्टीला रानाची नासाडी म्हणून जंगलखाते नाक मुरडीत होते, तिच्यामागे कारणपरंपरा आहे हे एका शास्त्रज्ञास तपासण्याजोगे वाटले होते.

राब समजला की भावकीतील वाटण्या समजतात. तीन भाऊ विभक्त झाले तर खाचराचे तीन तुकडे पुरत नाहीत. प्रत्येकास कवळ तोडावयास झाडे हवीत, म्हणून वरकसाचेही तीन तुकडे पडतात, आणि महसुली भाषेत ज्याला सरस-निरस वाटप म्हणतात ते होताना कोणास ओढ्याजवळचे चांगले खाचर आणि दूरचे वरकस, तर कोणास याच्या उलट, असा समतोल साधला जातो. त्याच वरकसावर आळीपाळीने नाचणी, वरी, हरीक किंवा खुरासणी काढून मग ती जमीन काही वर्षे पडीत सोडीत. म्हणून एखाद्या जमिनीच्या उताऱ्यावर काही वर्षे पीक आणि काही वर्षे पड अशी नोंद दिसली, तर घरात कोणी आजारी होते किंवा कुटुंब परागंदा झाले असा तर्क एकदम करू नये. बहुधा ती जमिनीची विश्रांती असते.

घराची रचनाही याच रानातून निघे. चिरेबंदी वाडे महाडच्या पेठेत. वाड्यावस्त्यांतील घर म्हणजे दगड-मातीचे जोते, ऐनाच्या मेढी आणि कारवीचा कूड. कारवी सह्याद्रीच्या उतारावर दाट माजते आणि सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते. पावसाळा संपल्यावर तिच्या काठ्या तोडून आणावयाच्या, बांबूच्या कांबींनी आणि वेलींनी घट्ट बांधावयाच्या, आणि माती, शेण व भाताचे तूस यांच्या गिलाव्याने दोन्ही अंगांनी लिंपावयाच्या. वर पेंढ्याचे किंवा गवताचे छप्पर. पश्चिमेच्या झडीपासून कूड वाचावा म्हणून पावसाळ्यापूर्वी त्या बाजूस गवताच्या ताट्या उभ्या करीत. असले घर शतकभर टिकत नाही, म्हणून वास्तूच्या वयावरून घराण्याचे वय काढता येत नाही. परंतु जोते टिकते. छप्पर पेंढ्याचे जाऊन नळ्यांचे आणि पुढे मंगलोरी कौलांचे झाले, कूड जाऊन विटा आल्या, तरी जोते बहुधा तेच राहिले. आणि वाटणीनंतर ओटीच्या मध्यभागी घातलेली भिंत किंवा माजघरात मांडलेली दुसरी चूल ही कोणत्या पिढीत भाऊ वेगळे झाले याची खूण होय. ज्येष्ठातील पहिल्या पावसापूर्वी आगोटीची बेगमी करावयाची ती या घरात: कणगीतले भात, डाळी, कुळीथ, रातांब्याची आमसुले, आठळ्या, महाडच्या बाजारातून आणलेले मीठ आणि सुकी मासळी. नदीला पूर आला आणि वाटा बंद झाल्या की त्या बेगमीवर कुटुंबाने तगावयाचे. कोणत्या वर्षी कणगी कधी रिती झाली, हे त्या घरातील स्त्रीइतके नेमके कोणास ठाऊक नसे.

आता दप्तराकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथील जमिनींची पैमाश होऊन आकारणी झाली, आणि पुढे हक्कनोंदीचे दप्तर सुरू झाले. आज सामान्य मनुष्यास सातबारा तेवढा ठाऊक असतो. परंतु कुळाच्या इतिहासाच्या दृष्टीने खरा ऐवज गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत असतो. सातबारा आजची स्थिती सांगतो. ती स्थिती कशी आली ते फेरफार सांगतो. सातबाऱ्यावरील नावांच्या खाली वर्तुळांत जे क्रमांक लिहिलेले असतात, ते या फेरफारांचे क्रमांक होत. त्यांचा माग काढीत एकेक नोंद मागे जावे, म्हणजे मनुष्य आपोआप पणजोबापर्यंत पोचतो. जुन्या नोंदी मोडीत, त्यांतील भाषा फार्सी वळणाची. ‘अमुक बिन तमुक’ म्हणजे तमुकाचा मुलगा, ‘सखू कोम धोंडू’ म्हणजे धोंडूची बायको. आडनाव पुष्कळदा नसतेच, म्हणून आपल्या आडनावाचा शोध घेणारा मनुष्य तेथे निराश होतो. त्याने जमिनीच्या नंबराचा शोध घ्यावा. नंबर बदलला तरी गाव, शेताचे नाव आणि चतुःसीमा यांवरून सांधा जुळतो.

अशी एखादी वारसाची नोंद जवळून वाचून पाहण्यासारखी असते. खातेदार सुमारे अमुक महिन्यांपूर्वी मयत झाला. त्यास वारस मुलगे तीन, मुली दोन, विधवा एक. पैकी थोरल्या मुलाचे नाव ए. कु. मॅ. म्हणून दाखल करावे; खाली तलाठ्याची सही आणि काही महिन्यांनी मंजूर केल्याचा मंडळ अधिकाऱ्याचा शेरा. ए. कु. मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. या तीन अक्षरांमागे धाकटे दोन भाऊ दडलेले असतात. त्यांची नावे जमिनीवर दिसत नाहीत, म्हणून ते नव्हतेच असे समजणाऱ्या वंशजांची मी अनेक भांडणे पाहिली आहेत. नोंदीची तारीख आणि मृत्यूची तारीख एक नसते, हेही सांगितले पाहिजे. कर्ज काढावयाचे झाले किंवा भाऊबंदकी उपस्थित झाली म्हणजे वारस लावावयास जावयाचे, ही सर्वत्र रीत. त्यामुळे मनुष्य वारल्यानंतर दहा-पंधरा वर्षांनी त्याचा मृत्यू कागदावर यावा, यात नवल नाही. फेरफाराची तारीख एवढेच सांगते की, त्या दिवसापूर्वी तो मनुष्य गेलेला होता. शाळेच्या रजिस्टरातील जन्मतारखेवरही फार भिस्त ठेवू नये. मुलाचे वय अंदाजे धरून १ जून ही तारीख घालण्याची मास्तरांची पद्धत इतकी सार्वत्रिक होती की, आज महाराष्ट्रातील वृद्धांचा फार मोठा समुदाय कागदोपत्री एकाच दिवशी जन्मलेला आहे.

महाड तालुक्यातील पुष्कळ गावांवर खोती होती. सरकार आणि कसणारा यांच्यामध्ये खोत असे. कसणाऱ्याने पिकाचा अर्धा किंवा तिसरा हिस्सा, म्हणजे अर्धेल किंवा तिर्धेल, त्याच्या घरी घालावयाचा आणि वर वेठीची कामे करावयाची. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. ते त्या वेळी तडीस गेले नाही, पण १९४९ च्या कायद्याने खोती गेली. १९४८ चा कूळकायदा आणि त्याखालील १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन यांनी कुळे मालक झाली. म्हणून या भागातील कितीतरी कुटुंबांच्या बाबतीत जमिनीचा मालक म्हणून पूर्वजाचे नाव कागदावर प्रथम उमटते ते कलम ३२ ग खाली किंमत ठरून मिळालेल्या ३२ म च्या दाखल्यावर. ‘आमची जमीन फक्त साठ-सत्तर वर्षांची’ असे म्हणणाऱ्यांस मी सांगतो की, कागद तेवढ्या वर्षांचा आहे. कूळ म्हणून, आणि त्याआधी कोणत्याही हक्कावाचून, त्याच खाचरात तुमच्या चार पिढ्या चिखलात उभ्या होत्या, आणि हे सांगणारा कागद नसेल तर सांगणारे माणूस शोधले पाहिजे.

हे माणूस बहुधा स्त्री असते. कागदाने सर्वांत मोठा अन्याय केला तो तिच्यावर. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापूर्वी मुलींची नावे वारसांत क्वचितच लागत. त्यानंतर लागू लागली तरी ती अनेकदा इतर हक्काच्या रकान्यात लागत आणि हक्कसोडपत्राने लवकरच कमी होत. लग्नात नाव बदलले, माहेर सुटले. मग सासरच्या दप्तरात तिची ओळख उरते ती ‘कोम अमुक’ किंवा ‘विधवा एक’ एवढीच. तरीही घराचा कालक्रम तिच्यापाशी असतो. मात्र तो इसवी सनात नसतो.

पोलादपुराकडील एका वाडीत मुंबईहून आलेला नातू आजीला विचारीत होता, ‘आजे, तुझं लगीन कवा झालं?’ म्हातारी म्हणाली, ‘कारव फुलली व्हती बघ त्या साली. आन् मानमोडीत माझी सासू गेली, ती मी बघितली न्हाय.’ नातवाने मान हलवून वही मिटली. त्याला उत्तर मिळाले नाही असे वाटले. वस्तुतः उत्तर मिळाले होते. मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएंझा. सासू त्यात गेली आणि सुनेने ती पाहिली नाही, म्हणजे लग्न त्यानंतरचे. कारवी सात-आठ वर्षांनी फुलते, म्हणजे त्यानंतरच्या एखाद्या बहराचे. थोरल्या मुलाचा जन्म चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या, म्हणजे १९२७ च्या, आधी की नंतर, ‘रामदास’ बोट बुडाली तेव्हा, म्हणजे १७ जुलै १९४७ रोजी, घरात कोण कोण होते, कोयनेच्या भूकंपात, म्हणजे ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, कोणते मूल मांडीवर होते, असे विचारीत गेले म्हणजे अंतर कमी कमी होत जाते आणि एकेका घटनेस दोन-तीन वर्षांच्या मर्यादेत बसविता येते. वर्ष विचारू नये. त्या वर्षी काय घडले ते विचारावे.

स्मरणाचेही दोष असतात, आणि ते कागदाने दुरुस्त होतात. आजोबाचे नाव नातवास ठेवण्याची चाल असल्याने राघो भिकाजी, भिकाजी राघो, पुन्हा राघो भिकाजी अशी मालिका चालते; आणि सांगणाराच्या मनात दोन राघो मिळून एक होतो. त्या एकाने रानही मोडलेले असते आणि गिरणीतही काम केलेले असते. मधल्या दोन पिढ्या अशा रीतीने गळतात. फेरफारातील ‘मयत’ शब्द येथे उपयोगी पडतो: एक राघो मयत झाल्यावर दुसरा कायम असेल, तर ते दोघे होत. स्त्रियांच्या बाबतीत असा कागद नाही. तेथे ओव्या आहेत. गी पॉटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील आणि मावळातील गावांपासून आरंभ करून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संग्रहित केल्या. त्यांत माहेरचे गाव, भावाचे नाव, वाटेवरचा घाट, सासरची शेते हे सारे येते. जाते गेले आणि दळण गिरणीत जाऊ लागले, तेव्हापासून हे दप्तर बंद पडले आहे. ज्यांना दहा-वीस ओव्या अजून येतात अशा वृद्धा महाड-पोलादपुरात आहेत. त्यांच्यापुढे बसून ऐकावे, मध्ये बोलू नये.

एकाच तालुक्यातील दोन पुरुषांची चरित्रे शेजारी ठेवली म्हणजे लेखणी कोणाच्या घरी होती याचा अर्थ कळतो. रायगडाच्या परिसरातील नाते या गावी १८९६ मध्ये चिंतामणराव देशमुख जन्मले. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री झाले. त्यांच्या प्रभू कुटुंबात विद्या आणि वकिली होती. १९७४ मध्ये त्यांचे आत्मचरित्र इंग्रजीत प्रसिद्ध झाले. देशमुखांच्या जन्मानंतर सात वर्षांनी, १९०३ मध्ये, त्याच तालुक्यातील लाडवली गावी महार कुटुंबात रामचंद्र बाबाजी मोरे जन्मले. महाडच्या इंग्रजी शाळेत शिरण्यासाठीच त्यांना झगडावे लागले. १९२७ च्या महाड परिषदेच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. पुढे ते कम्युनिस्ट चळवळीत गेले. त्यांनी आयुष्याच्या उत्तरकाळी लिहावयास घेतलेली आत्मकथा अपुरी राहिली. १९७२ मध्ये ते वारल्यानंतर त्यांचे पुत्र सत्येंद्र मोरे यांनी पुढील भाग लिहिला, आणि ग्रंथ मराठीत यावयास २००३ साल उजाडले. बापाने आरंभिलेली कुळकथा मुलाने पुरी करावी, याहून चांगला कुलवृत्तान्त मला दुसरा ठाऊक नाही. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर लष्करात होते. अशा पेन्शनर शिपायांमुळे या भागातील महार वस्त्यांत अक्षरओळख लवकर आली, आणि म्हणून पेन्शनीचे कागद हेही कुळशोधाचे एक महत्त्वाचे साधन आहे.

मुंबईविषयी थोडक्यात. एवढ्याशा खाचरावर वाढते कुटुंब पोसेना, म्हणून दासगाव बंदरातून बोटीने आणि पुढे मोटारीने या खोऱ्यातील पुरुष गिरण्यांत आणि गोदीत गेले. परळ-लालबागला गावाच्या खोल्या झाल्या. एका खोलीत एका गावचे दहा-वीस जण राहत, आणि प्रत्येक गावाच्या मंडळाची वर्गणीची वही असे. या वह्यांत सभासदाचे नाव, वाडी, कधी आला, कधी गेला, मयतास किती दिले, असा तपशील असतो. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणीसंपानंतर अनेक खोल्या मोडल्या आणि वह्या रद्दीत गेल्या. ज्या मंडळांनी त्या राखल्या असतील, त्यांनी त्यांची चित्रे घेऊन ठेवावी.

ही निकड मी उगीच सांगत नाही. २००५ च्या जुलैअखेरीस जुई, दासगाव, रोहण आणि कोंडिवते या महाड तालुक्यातील गावांवर डोंगर कोसळून दीडशेहून अधिक माणसे गेली. २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातील केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडी आल्या. माणसांच्या जाण्यापुढे कागदाचे दुःख लहान, हे मला कळते. पण ज्या कुळातील तीन पिढ्या एका रात्रीत गेल्या, त्या कुळातील मुंबईस असलेल्या एकट्या मुलास आपली आजी कोण होती हे आता सांगणारे कोणी उरलेले नाही. देव्हाऱ्यातील पितरांचे टाक, ट्रंकेतील दाखले, मनिऑर्डरीच्या पावत्या, आणि ज्यांना हे सारे कोणाचे हे ठाऊक होते ती माणसे, एकाच मातीखाली गेली.

महसुली दप्तराचे मात्र आता बरे चालले आहे. राज्यातील अनेक जिल्ह्यांचे जुने सातबारे आणि फेरफार यांच्या प्रतिमा संगणकावर आलेल्या आहेत. मुंबईत बसून त्या काढता येतात. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या नावापुढे शासकीय कागदांत आईचे नाव अनिवार्यपणे येते, आणि यापुढील पिढ्यांतील स्त्री ‘विधवा एक’ म्हणून शिल्लक राहणार नाही. मागच्यांसाठी असा निर्णय कोणी घेऊ शकत नाही. १९३० च्या सुमारास वरंधा घाट उतरून महाडाकडे नांदावयास आलेल्या मुलीचे माहेरचे नाव कोणत्याही संगणकात नाही. ते तिच्या सुनेस किंवा नातीस विचारावे लागेल. आणि विचारताना नाव, माहेरचे गाव, ती उतरून आली तो घाट आणि तिला सणाला न्यावयास येणाऱ्या भावाचे नाव या चारही गोष्टी एका बैठकीतच लिहून घ्याव्या लागतील.